थोडं पोट आहे

बांधकाम तपासनीस व्हायचं मी ठरवलं तेव्हा घरचे म्हणाले, या कामाला तुझ्याइतकी लायक बाई शोधून सापडायची नाही. ते कौतुक नव्हतं. बाळ रांगायला लागल्यापासून मी घरातल्या झाडून सगळ्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता, कपाटांच्या मुठी दोऱ्यांनी बांधल्या होत्या आणि पाहुण्यांना कप टेबलाच्या मधोमध ठेवायला लावत होते. "घरात आम्हाला छळतेस, त्यापेक्षा बाहेर छळ. पगार तरी मिळेल," नवरा म्हणाला.

इंजिनिअरिंगची पदवी होतीच, बाळंतपणात तिच्यावर धूळ बसली होती एवढंच. ती झटकली, परीक्षा दिली, उमेदवारी संपवली आणि शेवटच्या कसोटीला एका अर्धवट इमारतीत जाऊन उभी राहिले. तपासणी मी करायची, साहेब नुसते मागे उभे राहणार. "जमलं तर उद्यापासून एकट्या जाल," ते म्हणाले होते, "नाही जमलं तर ऑफिसात नकाशांवर शिक्के मारायचं काम आहे. डोक्यावर पंखा आहे." तो पंखा त्यांनी इतक्या मायेनं सांगितला, की मी नापास झालेच असं मला वाटायला लागलं.

कंत्राटदार हसत सामोरा आला. "या वहिनी. जपून हं, खाली खिळे असतात."

"असतात म्हणजे? असू नयेत." मी वाकून उचलायला सुरुवात केली. जिन्यापर्यंत पोचले तेव्हा खिसा खुळखुळत होता. जिन्याला कठडा नव्हता.

"येतोय, ताई," कंत्राटदार म्हणाला. खिळ्यांनी मला वहिनीची ताई केलं होतं.

"येईपर्यंत काय?"

"येईपर्यंत आम्ही भिंतीकडून चालतो."

"आडवे बांबू बांधा. आजच." हे लिहून घेत होते तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"काही नाही गं, सहज केला. खेळतोय छान. एक वाटाणा कमी भरतोय, तो कानात गेलाय का बघत होते."

"आई!"

"सापडला, सापडला. माझ्याच पदरात होता. कर तू तुझं काम."

फोन ठेवून मी वरच्या मजल्यावर गेले. तिथे विटांची नवी भिंत उभी होती, प्लास्टर व्हायचं होतं. मी या टोकाला ओळंबा धरला, त्या टोकाला धरला. दोरी सरळ, भिंत सरळ. बरोबरची खूण करायला पेन टेकवलं, आणि मागून गवंडी कंत्राटदाराच्या कानाशी पुटपुटला, "थोडं पोट आहे. पण लांबून कळत नाही."

माझे कान तापले. त्या दिवसांत कुणीही 'पोट' म्हटलं की मला तो माझाच पत्ता वाटायचा. पँट पिनेवर टिकून होती, वरून नवऱ्याचा ढगळ शर्ट होता.

मी वळले. "बाळंतपणानंतर जायला वेळ लागतो. आणि लांबून कळत नसेल तर लांबच राहा."

गवंडी विटेसारखा लाल झाला. "नाही नाही मॅडम, तुमचं नाही म्हटलं."

"मग कुणाचं?"

त्यानं कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदारानं छताकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. खोलीत आता फक्त भिंत उरली होती.

आमच्या पुस्तकात त्याला 'फुगवटा' म्हणतात. गवंडी म्हणतात, भिंतीला पोट आलं. मी ओळंबा धरला दोन टोकांना, आणि पोट काय, टोकाला येतं? मी लांब पट्टी मागवली आणि मध्यावर आडवी टेकवली. ती बागेतल्या सी-सॉसारखी डोलायला लागली.

"प्लास्टरमध्ये जातं हो ते," कंत्राटदार म्हणाला. "वरून जाड थर दिला की दिसत पण नाही."

"वरून काय घातलं की काय दिसत नाही, हे मला शिकवू नका. पण या भिंतीवर पाण्याची टाकी बसणार आहे. माझ्यावर नाही."

गवंड्यानं तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

"ताई, अहो, माणसांनी दोन दिवस..."

मागे साहेब उभे होते. चुकले तर पंखा. पण बाळाच्या मुठीतून कात्री काढताना जसा आवाज लागतो, तसाच माझा लागला. मोठा नाही, पण हलणारा नाही. "भिंत उतरवा. पुन्हा बांधा, मी पुन्हा बघायला येईन."

"बरं, मॅडम," कंत्राटदार म्हणाला.

आम्ही खाली गाडीपाशी आलो. मला राहवेना. "साहेब, खरं सांगू का? ती भिंत मी पकडली नाही. मला वाटलं, तो मला म्हणतोय."

"ते कळलं मला." त्यांनी टपावर कागद ठेवला आणि सही केली. "मला वाटलं, मला म्हणतोय."

मी त्यांच्या शर्टाच्या खालच्या बटणाकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

"पोट आत ओढून खिडकीबाहेर बघत राहिलो," ते म्हणाले. "भिंत बघायचं राहूनच गेलं. तुम्ही निदान भांडलात. उद्यापासून एकट्या जा."

कागद माझ्या हातात देता देता ते थांबले. "तो 'थोडं' म्हणाला होता ना? नक्की?"

"थोडंच म्हणाला, साहेब."

मग आम्ही दोघांनीही श्वास सोडला.