अण्णांचा हात

आमच्या ट्रकचं किल्लीचं लॉक बिघडलेलं आहे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ट्रक माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि अण्णांचा माझ्यापेक्षा लाडका. अण्णा म्हणजे माझे वडील. गुडघे क्लच दाबू देईनात तेव्हा नाइलाजाने त्यांनी स्टिअरिंग माझ्या हाती दिलं. किल्लीही एक दिली, पण ती लॉकमध्ये जाऊन गप्प बसायची, फिरायची नाही. अण्णांची किल्ली फिरायची, आणि ती ते कुणाच्या हाती देत नसत.

सहा वर्षं रोज सकाळी हाच तमाशा. मी अंगणात स्टूल ठेवायचा, अण्णा चहा पिऊन, टोपी घालून, राजासारखे सावकाश बाहेर यायचे. मी काखेत हात घालून त्यांना केबिनमध्ये चढवायचो. मग ते किल्ली बाहीला पुसायचे, तिच्यावर फुंकर मारायचे, लॉकमध्ये घालून कान डॅशबोर्डला लावायचे.

"ऐकू आलं?"

"नाही, अण्णा."

"नाहीच यायचं. त्याला हात लागतो. हात दुकानात मिळत नाही."

गाडी सुरू व्हायची. लॉक इतकं झिजलेलं, की चालू गाडीतूनही किल्ली बाहेर यायची. ती काढून अण्णा खिशात टाकायचे आणि मला म्हणायचे, "हं, ने आता." इंजिन बंद करायला वेगळा दांडा होता, पण दिवसभर तो ओढायची माझी टाप नव्हती, कारण पुन्हा सुरू कोण करणार? मी जेवायचो तेव्हाही शेजारी इंजिन धडधडत असायचं. एकदा वायरी जोडून गाडी सुरू केली, तर अण्णांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "माझ्या गाडीची आतडी बाहेर काढलीस," म्हणाले. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

आणि मग ते फरशीच्या गोदामातलं. चढावर गाडी बंद पडली. मागे सात ट्रक खोळंबलेले, हमाल शिव्या घालताहेत. मी फोन केला. अण्णा रिक्षाने आले, घरच्या चपलांवर. त्यांनी मला खाली उतरवलं, फुंकर मारली, कान लावला, गाडी सुरू केली, आणि खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्धा ड्रायव्हर आहे आमचा. अर्धा मी घरी ठेवतो." हमाल पोट धरून हसले. त्या दिवसापासून गोदामात माझं नावच पडलं, अर्धा.

हे मी पचवलं. बापच आहे, म्हातारा आहे, असं स्वतःला सांगितलं. पण महिन्याभराने पुन्हा कुणीतरी "ए अर्ध्या" म्हटलं, तेव्हा मी गाडी तशीच चालू ठेवून लॉकच्या मिस्त्रीकडे नेली. अण्णा राहिले उपाशी तर राहिले, म्हटलं, आज हे लॉक बदलायचंच.

मिस्त्रीने लॉक काढलं, उघडलं, आत पिन घालून फिरवून पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बिघडलंय कोण म्हणतं? झिजलंय, ते ठीक. पण फिरायला लोणी आहे. तुझी किल्ली बघू."

त्याने किल्लीवर अंगठा फिरवला. "हा तिसरा दात कानशीने घासलाय. वापरून असा झिजत नाही. कुणीतरी निवांत बसून घासलाय."

कानस आमच्या घरी एकच होती, अण्णांच्या पत्र्याच्या डब्यात. मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. ती फुंकर, तो कान, तो हात, सगळं सोंग. सहा वर्षं मी स्टूल धरून एका सोंगाची वाट बघत होतो.

"दहा मिनिटांत नवी किल्ली करून देतो," मिस्त्री म्हणाला.

तेवढ्यावर भागलं असतं. घरी जाऊन किल्ली त्यांच्यापुढे आपटली असती, दोघं कडाकडा भांडलो असतो, आठवडाभर बोललो नसतो, संपलं असतं. पण मला भांडण नको होतं. त्यांनी मला जिथे उभं केलं, तिथे मला त्यांना उभं केलेलं बघायचं होतं. भंगारात त्याच जातीचा एक ट्रक पडला होता. त्याचं लॉक आणि त्याची किल्ली मी विकत घेतली. तोंड तसंच झिजलेलं, कड तशीच काळी. मिस्त्रीने ते बसवलं. जुनं लॉक मी अवजारांच्या पेटीत तळाशी टाकलं.

दुसऱ्या दिवशी स्टूल ठेवलं. समोरचा इस्त्रीवाला, शेजारच्या काकू, सगळे नेहमीसारखे दारात होते. अण्णा चढले. फुंकर मारली, कान लावला. किल्ली आत गेली. फिरली नाही.

त्यांनी ती काढली, पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा कान लावायला ते विसरले.

"काय झालं, अण्णा?" मी मुद्दाम मोठ्याने विचारलं. "हात लागत नाही का आज?"

"गार पडलंय लॉक."

"हो, असेल. जा तुम्ही आत, मी बघतो काहीतरी."

ते आत गेल्यावर मी भंगारातली किल्ली लावली. एका झटक्यात इंजिन सुरू झालं. संध्याकाळी सांगितलं, वायरी जोडल्या. अण्णा या वेळी रुसले नाहीत. जेवले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला मस्त झोप लागली.

हे मी अकरा दिवस चालवलं. रोज स्टूल, रोज चहा, रोज चारचौघांत विचारणं. इस्त्रीवाला म्हणाला, "वय झालं, अण्णा, आता हात थरथरणारच." त्याला कुणी विचारलं नव्हतं. चौथ्या दिवसापासून अण्णांचा हात खरंच थरथरायला लागला. सहाव्या दिवशी किल्ली खाली पडली आणि मी ती उचलून त्यांना परत दिली, अगदी नम्रपणे.

बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती आधी हसली होती. नवव्या दिवशी म्हणाली, "अहो, पुरे करा. दुपारी ते कपाटाच्या कुलपाशी बसतात. तासभर लावतात, काढतात."

"लावू दे. सराव होईल."

"आज शर्टाची बटणं मी लावून दिली. त्यांना जमेनात."

बाराव्या सकाळी मी स्टूल ठेवलं, पण अण्णा बाहेर आलेच नाहीत. आत गेलो तर कॉटवर टोपीशिवाय बसलेले. चहा पुढ्यात, तसाच. कप उचलताना निम्मा सांडला होता. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"घे. हात गेला माझा."

याच क्षणाची मी वाट बघत होतो. तो आला आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही. मी पेटीकडे धावलो, जुनं लॉक घेऊन आलो आणि त्यांच्या गुडघ्याशी बसलो.

"अण्णा, ऐका. लॉक मी बदललं होतं. तुमचं हे बघा, हे. तुम्ही माझ्या किल्लीचा दात घासला होता, मला कळलं, म्हणून मी केलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते, तोंडात भडकावली असती तर मी पाया पडलो असतो. पण त्यांना माझी दया आली.

"बापाची समजूत काढायला खोटं बोलतोस?"

"खोटं नाही, अण्णा. लावून बघा ना. ही तुमचीच किल्ली."

मी लॉक त्यांच्या डाव्या हातात दिलं, किल्ली उजव्या. त्यांनी फुंकर मारली. किल्लीचं टोक लॉकच्या तोंडावर आपटलं, घसरलं, पुन्हा आपटलं. करकर आवाज येत राहिला. बायको दारात उभी राहून बघत होती, आणि आत जा असं तिला सांगायला मला तोंड नव्हतं. किल्ली काही आत जाईना.

शेवटी मी त्यांचा हात माझ्या हातात धरला. त्या हातानेच किल्ली आत घातली आणि फिरवली. लोण्यासारखी फिरली.

"बघा!" मी ओरडलो. "फिरली की नाही? बघा, अण्णा!"

"तू फिरवलीस," अण्णा म्हणाले, आणि हात पांघरुणात घेतला.