आणि त्यांचे सहकारी

कर्जतच्या आसपास लग्न असो नाहीतर जत्रा, हजार माणसांची शिपी आमटी करायची म्हटलं की निरोप कारभारी अण्णांनाच जायचा. डाळींच्या पाण्यातली ही पातळ, झणझणीत आमटी तशी घरोघरी होते. पण एवढ्या मोठ्या कढईत तिची चव राखणं सगळ्यांना साधत नाही. अण्णांना ते चाळीस वर्षं साधत आलं होतं आणि त्यातली बावीस वर्षं त्यांच्या जोडीला अलीम होता. मसाला भाजायचा-कुटायचा अलीमनं, कढई सांभाळायची अण्णांनी, ही वाटणी कधी न बोलताच ठरून गेली होती.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नात नगरहून निकिता नावाची मुलगी आली. जिल्ह्यातल्या स्वयंपाक्यांवर ती पुस्तक लिहीत होती. तिनं वही उघडून अण्णांना नाव विचारलं, तेव्हा डाळ उतू चालली होती. नावबिव काय लिहायचं, आमटी खा आणि जा, असं म्हणून अण्णांनी पाठ फिरवली. मुलगी हिरमुसली आणि पलीकडे मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या अलीमकडे गेली. अलीमला बोलायला कुणीतरी हवंच असायचं. मांडव सुटेपर्यंत दोघं बोलत बसले. ब्याद टळली, एवढंच अण्णांना तेव्हा वाटलं.

जूनमध्ये पुस्तक छापून आलं. अलीमनंच एक प्रत पेढ्यांसकट अण्णांच्या घरी आणून दिली. तो गेल्यावर दहावीतल्या नातीनं, दिशानं, ते वाचून दाखवायला घेतलं. शिपी आमटीची सहा पानं होती. अलीमची आई मुबारकबी आठवडी बाजारात मसाला कशी विकायची, तिच्या हाताखाली तो भाजणी कशी शिकला, सगळं बैजवार लिहिलेलं. एका अख्ख्या पानावर अलीमचा फोटो होता, ओगराळं हातात धरून हसणारा. त्याच्या मागे धुरात एक पांढरी टोपी दिसत होती.

“आबा, ही तुमचीच टोपी की,” दिशा म्हणाली.

अण्णांनी आपलं नाव कुठं आहे ते बघायला सांगितलं. दिशानं सहाही पानांवरून बोट फिरवलं. शेवटी एक ओळ सापडली, ‘अलीम आणि त्यांचे सहकारी’. ती तिनं जरा हळूच वाचली.

त्या दिवसापासून अण्णांची जेवणावरची वासना उडाली. कटिंगच्या दुकानात कुणी अलीमच्या पुस्तकाचा विषय काढला की ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठायला बघायचे. अलीमचा मसाला आता त्यांना भरड लागायचा. त्याचं हसणं मोठं वाटायचं, नवा शर्ट तर डोळ्यांत खुपायचा. बायकोला, बनुबाईला, हे दिसत होतं. एकदा भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “त्या पोरीला तुमीच हाकललं हुतं.” अण्णा ताटावरून उठून गेले, कारण ते खरं होतं.

दिवाळीनंतर नगरला सावेडीत खाद्यमहोत्सव भरला. पुस्तकातले स्वयंपाकी तिथं येऊन आपापला पदार्थ करून वाढणार होते. अलीम बोलवायला आला. “चारशे माणसांची कढई हाय, अण्णा. तुमच्याबिगर मला न्हाई व्हायची.” एरवी हे ऐकून अण्णांची छाती फुगली असती. आता त्यांना वाटलं, याला सहकारी पाहिजे आहे. नाही म्हणणार होते. पण कढईपुढे अलीम एकटाच उभा आहे आणि लोक त्याचे फोटो काढताहेत, हे चित्र त्यांना सोसेना. ते गेले.

मैदानावर पुस्तकांचा एक वेगळाच मांडव होता. कॉलेजच्या पोरी पाककृतींची पुस्तकं चाळत होत्या. आमच्या आजीचं असं कुणी लिहूनच ठेवलं नाही, अशी हळहळ चालली होती. नवं पुस्तक घेऊन माणसं भट्टीपाशी यायची, अलीमची सही घ्यायची. अण्णा घाम पुसत आमटी ढवळत राहिले. मग अलीमला स्टेजवर बोलावलं. माईक हातात आल्यावर तो आधी चाचरला, मग म्हणाला, “कढई मला कारभारी अण्णांनी शिकवली. ते माझे उस्ताद हायेत. ते बघा, भट्टीपाशी हायेत.”

टाळ्या झाल्या. माना वळल्या. अण्णांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात शेजारची एक बाई मैत्रिणीला म्हणाली, “किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा.”

ती अलीमबद्दल बोलत होती. अण्णांचं नाव घेतलं अलीमनं, आणि मोठा झाला तोही अलीमच. अण्णांनी भट्टीकडे तोंड फिरवलं.

आमटीला उकळी आली होती. आता मीठ पडायला हवं होतं. मीठ नेहमी अण्णांच्या मुठीनं पडायचं. बावीस वर्षांत अलीमनं त्याला हात लावला नव्हता. अण्णा पालथ्या क्रेटवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि काहीच केलं नाही.

अलीम परत आला तेव्हा रांग लागली होती. त्यानं तळहातावर थेंबभर आमटी घेऊन चाखली आणि अण्णांकडे बघितलं. अण्णा गॅसच्या नळीकडे बघत होते. अलीमनं मिठाची पिशवी ओढली. तीन मुठी, वर अर्धी. ढवळलं, चाखलं, आणखी चिमूट टाकली. मग पहिल्या ताटात आमटी वाढली. नंतर अण्णांनी गुपचूप चाखून बघितली. तंतोतंत त्यांच्याच हातची लागत होती. म्हणजे याला हे केव्हाचं येत होतं, आणि इतकी वर्षं तो नुसता बाजूला उभा राहत होता. खारट झाली असती तर अण्णांना बरं वाटलं असतं.

अडीचच्या सुमाराला कढई खरवडून झाली. परत येताना टेम्पो अलीम चालवत होता. मिरजगाव मागे पडलं.

“मीठ मी इसरलो न्हवतो,” अण्णा म्हणाले.

“ठाऊक हाय मला.” अलीमनं गिअर बदलला. “अण्णा, पुस्तक छापायच्या आदी त्या पोरीनं मला फोन केल्ता, आनखी कुनाचं नाव टाकायचं का म्हून. म्या न्हाई सांगितलं. मला बी एकट्याचं बरं वाटत हुतं.”

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. राग यायला हवा होता, तो आला नाही. आपल्याइतकंच कोतं मन दुसऱ्याचंही निघालं, याचा त्यांना उलट आधार वाटला. घराशी उतरताना त्यांनी रविवारच्या लग्नाची वेळ विचारली, अलीमनं सांगितली.

काम पुढं चालू राहिलं. फेब्रुवारीत अलीमला पुण्याच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. त्याच दिवशी काष्टीत लग्न होतं, म्हणून तो पुतण्याला, उझैरला, घेऊन गेला. अण्णांनी काष्टीची कढई एकट्यानं केली, चांगली झाली. दुसऱ्या दिवशी दिशानं मोबाईलवर पुण्याचा व्हिडिओ लावला. अलीम पांढरा एप्रन घालून आमटी ढवळत होता, भोवती गर्दी होती. अण्णांनी तो शेवटपर्यंत बघितला.

“मसाला कच्चा राहिलाय,” ते म्हणाले. “परत लाव बरं.”

मोबाईलवर मसाला कसा कळतो, हे दिशानं विचारलं नाही. तिनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला.