ताठ धागा

वडिलांची बँकेने कलकत्त्याहून नागपूरला बदली केली, आईवडील गेले, आणि शकुन संशोधनापायी कलकत्त्यातच, बालीगंजच्या एका खोलीत मागे राहिली. दिवसभर बंगाली नाहीतर इंग्रजी. मराठी उरली ती स्वतःशी पुटपुटण्यापुरती.

डीएनएचा धागा प्रथिनांच्या गोळ्याभोवती गुंडाळला जातो, त्याला न्यूक्लिओसोम म्हणतात, हे तेव्हा, सत्तरच्या दशकात, नुकतंच कळलं होतं. शकुन तसे न्यूक्लिओसोम परीक्षानळीत घडवत असे. वासराचा डीएनए छान गुंडाळला जाई. पण डीएनएच्या चार अक्षरांपैकी एका बाजूला नुसती ए आणि समोर नुसती टी असलेला कृत्रिम डीएनए काही केल्या जमेना.

"लोडशेडिंग!" तिचे मार्गदर्शक डॉ. मित्र म्हणाले. "शीतखोली बंद पडते, तुझी प्रथिनं नासतात. धाग्याला कशाला दोष देतेस?"

ते तिच्या मनाला लागलं. तिने एकाच प्रथिनाचे दोन वाटे केले, एकेकात एकेक डीएनए मिसळून दोन झिरपत्या पिशव्यांत भरला, आणि त्या एकाच भांड्यात शेजारी ठेवून, धागा गुंडाळला जावा म्हणून द्रावणातलं मीठ हळूहळू उतरवलं. दुपारी वीज गेलीच. या वेळी ती बर्फ आणायला धावली नाही; नासलं तर दोन्हींतलं सारखंच नासेल. मग तिने डीएनए कुरतडणारं एन्झाइम घातलं. गुंडाळलेला भाग त्यातून वाचतो, मोकळा वाचत नाही.

उरलेला डीएनए जेलवर पसरवून तिने फोटो काढला, त्यात वासराच्या डीएनएचा पट्टा ठळक उमटला. शेजारची जागा कोरी.

डॉ. मित्र फोटो बराच वेळ बघत राहिले. "वीज दोघांचीही गेली होती?"

"हो सर. भांडंही एकच होतं."

"मग अक्षरांचा क्रमच आडवा येतोय. धागा ताठ असणार, वळत नसणार." त्यांनी चष्मा काढला. "माझं चुकलं. लिहायला घे." आणि ते सियालदह स्टेशनवर घरची गाडी गाठायला निघून गेले.

प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. शकुनने पोस्टात जाऊन नागपूरला ट्रंककॉल लावला.

"आई, माझं बरोबर निघालं! तो धागा खरंच वळत नाही!"

"काय वळत नाही? नीट ऐकू येत नाही गं. जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते."

"मग परत कधी येतेस?"

"इतक्यात नाही, आई. आता तर खरं काम सुरू झालंय."

आई काहीतरी बोलली, ते खरखरीत बुडालं आणि फोन तुटला. शकुन तशीच बूथमध्ये उभी राहिली. मग ट्रॅम न पकडता पायीच निघाली, आणि सगळी हकीकत पहिल्यापासून, मराठीत, स्वतःलाच सांगत गेली.