ओठाआडचे टाके

खापर गावच्या बाजारामागच्या पत्र्याच्या मांडवात दोनशे माणसं एकाच मानेकडे बघत होती. मान रोहिणीची. तिच्यावरची सुपारीएवढी गाठ गायब, आणि कातडीवर वरखडासुद्धा नाही!

"देखा, देखा!" चुडामण महाराजांनी चिमटा वाजवला. "डॉक्टरने नुसतं झोपवलं. गाठ आम्ही इथं बसून विरघळवली!"

खरं तर सहा दिवसांपूर्वी सुरतेच्या डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आतून दुर्बीण घालून थायरॉइडची गाठ काढली होती. खालचा ओठ नि हनुवटी बधिर होती, गिळताना मान ठणकायची. त्यासाठी आठ-आठ तासांनी गोळी आणि जेवल्यावर औषधी पाण्याच्या गुळण्या. हे रोहिणीनं सासूला तीनदा समजावलं. पण गजराबाईचं शहाणपण सरळ होतं: "कापेल दिखत नही, मंग दुखस कशानं? बाहेरनंच काही शे!"

महाराजांना हे निदान फार आवडलं. आयती गाठ गेलेली भक्तीण रोज कुठं मिळते? त्यांनी तीन दिवसांचं मौन दिलं. "तोंड उघडलंस बेटी, की गाठ परत!" तोंडावर लाल फडकं आलं. गोळ्यांचं पाकीट 'विष' ठरून पुरचुंडीत त्रिशूळाला टांगलं गेलं. एका अंगाला सासू, दुसऱ्या अंगाला भजनी बायका, नवरा नवनीत दारात चपला राखत. गुळण्या बंद. दुसऱ्या दिवशी टाक्यांपाशी घाण चव येऊ लागली. पू झाला तर? सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

ठणका असह्य झाला की महाराज फडकं उचलून अंगाऱ्याचं पाणी पाजत. तेही गर्दी भरल्यावरच. अर्ध्या तासात ठणका उतरे. जयजयकार! आज दुपारी बारा वाजताच्या तिसऱ्या वाटीत तळाशी पांढरा चुरा उरला. ओळखीचा कडूपणा. रोहिणीचा ओठ बधिर होता, जीभ नव्हती.

ती उठली. फडकं भिरकावलं, पुरचुंडी खेचली.

"अवं, गाठ पलटी ई जाई!" गजराबाई किंचाळली.

"येऊ द्या, आत्याबाई. पहिले ह्या गोया मोजा. बाबाले दिन्यात तव्हय आठ व्हत्यात."

गजराबाईनं बोट लावून मोजल्या. "पाच."

"अंगारा कितला डाव दिना?"

"...तीन."

महाराज सावरले. "ते विष आम्ही शक्तीने भस्म—"

"वा बाबा!" चहावाला वाहरू मागून ओरडला. "गोयी डॉक्टरनी, जयजयकार तुमना!"

रोहिणीनं खालचा ओठ उलटा केला. आत तीन जागी टाके. एक सुजून लालबुंद. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पहिल्या रांगेतल्या बायका मागं सरकल्या.

"कापेल दिखत नही, म्हनीसन कापेलच नही?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

घाव दिसत नाही म्हणून चमत्कार म्हणू नये; आधी आत बघावं. आणि जो तुमचं औषध काढून घेतो, त्याच्या वाटीत काय आहे ते जरूर विचारावं.

नवनीतनं डॉक्टरांना टाके दाखवायला गाडी काढली. गजराबाई मागं बसली. गोळ्यांचं पाकीट तिच्या पदराच्या गाठीत होतं.

"आते पुढली गोयी कितला वाजता, पोरी?"

"आठले. बारानी त बाबानीच दिनी."

गजराबाईनं पुढं हात केला. "नवनीत, तुन्हं घड्याळ दे मले."