उरलेली बारा पानं

दवाखान्यात दिवसभर मी ऑपरेशनची हत्यारं धुते. आधी सगळं सुटं करायचं, मग सफाई, मग जोडणी. अठरा वर्षं हेच केल्यावर हात डोक्याला विचारत नाहीत. घरी पोचते तेव्हा अंगात त्राण नसतं, आणि बाबांची डबी वाट बघत असते.

डबी म्हणजे तळहाताएवढं जुनं यंत्र. त्यात पुस्तकं आहेत आणि अक्षर बोराएवढं करता येतं. बाबांना आता दुसरं काही वाचताच येत नाही. नवीन घेऊ म्हटलं तर म्हणतात, "हिला बटण आहे. पान उलटलं की टक् वाजतं." हिचा नखरा एकच. सेल बदलताना एक काढून तिथे नवा घालायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जातं. पुस्तकं भरून देणारे त्यांचे मित्र वारले आणि त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला.

"सेलनी मान टाकली बघ," आज आल्या आल्या बाबा म्हणाले. "बारा पानं उरलीत गं. तीस वर्षं न बोललेले भाऊ भेटतात का, तेवढं बघायचंय."

झाकण उघडलं तर आत पत्र्यावर हिरवा गंज. मी दोन्ही सेल काढले, कापसाने नीट पुसलं, नवे बसवले. पडद्यावर आलं, 'तारीख भरा'. आतलं सगळं पुसलं गेलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण तेवढीही ताकद नव्हती.

"झालं का?"

"झालं. आज डोळ्यांना आराम द्या, मीच वाचते."

रिकामी डबी समोर धरून मी सुचेल ते बोलत सुटले. थोरला भाऊ भर उन्हात चालत आला. धाकट्याने दार उघडलं आणि "जेवलास का?" एवढंच विचारलं. थोरल्याने पिशवी खाली ठेवली. पुढे काही सुचेना, म्हणून संपवलं.

बाबांनी डबीकडे मान वळवली.

"बारा पानं वाचलीस," ते म्हणाले, "पण बटण एकदाही वाजलं नाही."

"बाबा, मी..."

"गेलं सगळं?"

"गेलं." मला रडूच फुटलं.

त्यांनी चाचपडत डबी माझ्या हातातून काढून घेतली.

"असू दे. भेटवलंस ते बरं केलंस. लेखकाने भेटवलं नसतं. चारशे पानं ओळखतो मी त्याला."