दाराबाहेरचा बाप

टॅबमधली बाई गोड गळ्याने म्हणाली, "आता साबण लावूया हं!" तशी ठकीने दोन्ही कान गच्च झाकले आणि ओल्या फरशीवर फतकल मारली. बापाने टॅब बंद केला. आजही साबण त्याच्याच हातात आला.

ठकीला अकरावं लागलं होतं. आई गेल्यापासून तिला आंघोळ घालायचा तो बापच. "पोर मोठी होतेय, आता हे बरं दिसत नाही," असं त्याची बहीण परवा बोलून गेली होती. ते त्यालाही कळत होतं. पण करणार काय? ठकी स्वमग्न. चार गोष्टी एकदम सांगितल्या की बावरायची. एकेक चित्र दाखवलं की उमगायचं. म्हणून तर शाळेतल्या बाईंनी आंघोळीची एकेक पायरी चित्रातून दाखवणारा, बोलून सांगणारा हा टॅब दिला होता.

"परका आवाज नको असेल तिला," बाई म्हणाल्या. "तुमचा भरा."

"माझा? बस चालवून चालवून घशाचा पार भोंगा झालाय, बाई."

"असू दे की. तिच्या ओळखीचा भोंगा आहे."

डेपोत उभ्या रिकाम्या बसमध्ये बसून त्याने आवाज भरला. "ठके, तांब्या घे. आता मान चोळ. कानामागं विसरायचं नाही हं."

या आवाजाला तिने कान झाकले नाहीत. आधी नुसतं ऐकलं. मग तांब्या उचलला. कधी साबण बादलीत विरघळून जाई, कधी केसांत फेस तसाच राही. बाप दारात उभा राही, हात पाठीमागे धरून. मोकळे सोडले तर मदतीला धावतील म्हणून.

एका सकाळी तो असाच उभा होता. ठकी वळली, त्याच्या पोटावर तळवा टेकवला आणि त्याला बाहेर ढकललं. दार लागलं. आतून कडी सरकली.

त्याने दाराला कान लावला. मग आतून त्याचाच घोगरा आवाज आला, पाठोपाठ पाणी ओतल्याचा.

ठकी बाहेर आली ती उलटा फ्रॉक घालून, केसांतून पाणी गाळत. त्याच्याकडे न बघता आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

त्याने तिथूनच फोन लावला.

"बाई, आज मला बाहेर काढलं."

"कुणी?"

"ठकीनं. आतनं कडी लावली. तुमचे उपकार..."

"उपकार राहू देत." बाई म्हणाल्या. "आता तुमचा धडा. यापुढे तिच्या खोलीत जाताना आधी दार वाजवायचं."

फोन ठेवून तो तिच्या खोलीपाशी गेला. सवयीने हात दार ढकलायला पुढे झालाच होता. तो त्याने मागे घेतला, बोटं मिटली, हळूच टकटक केली आणि थांबला.