ल्युबेनच्या नावाची पाटी

आमच्या संग्रहालयात नवं दालन उघडायचं ठरलं आणि दान्यूब नदीकाठच्या गावागावांतून लोक फुटके डेरे, रोमन विटा, काय वाट्टेल ते घेऊन यायला लागले. काचपेटीत वस्तू आणि खाली पाटीवर आपलं नाव, एवढ्यासाठी. नोंदी मी ठेवते, बावीस वर्षं झाली. तोंडानं फटकळ आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

त्या सकाळी स्ताम्येनकाका आणि त्यांची बायको वेलिकामावशी आले. काकांनी रुमालाची गाठ सोडून काशाचं एक नाणं टेबलावर ठेवलं.

"त्या मास्तराच्या फुटक्या मडक्याला पाटी लावलीत. हे तर रोमच्या बादशहाचं नाणं! आमच्या ल्युबेनला द्राक्षमळ्यात सापडलं, नऊ वर्षांचा असताना. खाली लिहायचं, ल्युबेन स्ताम्येनोव्ह याला सापडलं. बस्स, दुसरं काही नको."

ल्युबेन त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी स्पेनमध्ये इमारतीच्या कामावर परांचीवरून पडून गेला. पुरलाही तिथेच. इथे त्याच्या नावाचा साधा दगड नाही.

मी भिंग उचललं. नाण्यावर ना चेहरा, ना एक अक्षर; सदऱ्याच्या बटणासारखं गुळगुळीत. अहो, जुन्या काशावर चढलेल्या हिरव्या पुटाखालीच तर चेहरा टिकून असतो! माझं डोकंच फिरलं.

"कुणा शहाण्यानं घासलंय हे? हात तोडायला हवेत त्याचे!"

"अगं, मीच की," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "नाताळच्या आदल्या संध्याकाळी पावात घालायचं ना! ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष चांगलं. मग हिरवंगार तसंच घालू लेकराच्या तोंडात? दरवर्षी व्हिनेगर, मीठ आणि चुलीतली राख."

"आणि दरवर्षी निघायचं ल्युबेनलाच," काका हसले. "ही त्या तुकड्यावर खूण करून ठेवायची, लबाड!"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. पण सांगणं भागच होतं.

"काका, हे पेटीत नाही मांडता येणार. कुठल्या बादशहाचं तेच कळत नाही. अशी नाणी खणात ठेवतात."

"पण चेहरा होता की! पोरगा वर कागद ठेवून पेन्सिलीनं उमटवायचा."

मावशींनी आपले हात कोटाच्या खिशात घातले.

"म्हणजे मी पुसला," त्या म्हणाल्या.

"नाही हो मावशी, आधीच झिजलेलं असणार."

"मी पुसला गं. माझ्या पोराचं नाव लागायला एक जागा होती, तीही मीच घासून टाकली." आणि त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. काका नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या जिभेला काही हाड नाही, खरंच.

मग मी नोंदवही उघडली. 'कोणाला सापडले' या रकान्यात ल्युबेनचं पूर्ण नाव ठळक लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. मावशींनी डोळे पुसून नावावरून बोट फिरवलं.

"लोक बघतील ना गं हे?"

"बघतील की," मी म्हणाले.

ती वही लोखंडी कपाटात असते. माझ्याशिवाय ती कुणी उघडत नाही.